मास्तरचा अर्धा धडा

तिला आवाज आधी भेटला, माणूस नंतर. आणि आवाज भेटला तोही कुठे, तर पिंजऱ्यात!

पण ही गोष्ट तिच्या लक्षात आली ती चष्म्याच्या दुकानामागच्या अंधाऱ्या खोलीत. बाहेर बारीक झड लागली होती. जनावरांच्या दवाखान्यात ती नर्स होती, आणि औषधांच्या बाटल्यांवरची अक्षरं अलीकडे पुसट दिसायला लागली होती. कुत्र्याचं औषध एखाद्या दिवशी मांजराला पाजलं तर काय घ्या, म्हणून ती एकदाची डोळे तपासायला आली होती. हनुवटी यंत्राच्या पट्टीवर, कपाळ वरच्या कडेला टेकलेलं, समोर भिंतीवर उजळलेली अक्षरं आणि बाकी सगळा काळोख. त्या काळोखात कुणीतरी तिच्या डोळ्यांपुढच्या काचा बदलत होतं.

"आता बरं दिसतंय... की आधीचं बरं होतं?"

"आताचं."

"आणि हे? शेवटची ओळ वाचा."

"ध... र..."

"ते ध... नाही, घ आहे." आणि तो हसला. तोंडाने नव्हे, नाकातल्या नाकात, नुसतं "हं" करून.

तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. ते आधी चाचरणं, मधलं "नाही", शेवटचं ते "हं"... हा आवाज ती रोज संध्याकाळी ऐकत होती. या आवाजाचा धनी जिवंत आहे की नाही, हेही तिला माहीत नव्हतं. आणि तो आता तिच्या कानापासून हातभर अंतरावर श्वास घेत होता.

"दी... फ्लेडरमाउस," ती कुजबुजली.

काळोखात काच खाली पडली. फुटली नाही, फरशीवर गरगर फिरत राहिली आणि मग गप्प झाली. दिवा लागला. समोर एक उंच, जरासा वाकलेला तरुण उभा होता. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता.

"वटवाघूळ," तो म्हणाला. "हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

"तुम्हीच," ती म्हणाली. "रोज शिकवता."

आता हे ऐकून कुणीही शहाणा माणूस म्हणाला असता, बाई, डोळे राहू द्या, आधी डोकं तपासून घ्या. तो मात्र हळूच स्टुलावर बसला, आणि मग तिला सगळं सांगावंच लागलं.

दवाखान्यात एक करडा पोपट आला होता. लाल शेपटीचा, म्हातारा, आणि स्वतःची पिसं स्वतःच उपटून छातीवर उघडा पडलेला. घरी शिकवण्या घेणाऱ्या एक बाई वारल्या, घर रिकामं झालं, आणि शेजारणीने पिंजरा आणून डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर ठेवला. "दिवसा ठीक आहे हो," शेजारीण म्हणाली होती, "पण संध्याकाळी हा बोलायला लागला की आमच्या घरातले दिवे लावायलाही कुणी उठत नाही." एवढं बोलून ती जी गेली ती परत फिरकली नाही.

शेजारीण खोटं बोलत नव्हती. दवाखाना रिकामा व्हायची वेळ झाली, बाहेरचा उजेड ओसरला, की कोपऱ्यातल्या पिंजऱ्यातून आधी वेताची खुर्ची कुरकुरायची. मग कपात चमचा फिरायचा. दवाखान्यात सगळी लोखंडी स्टुलं, आणि चहाचे कप तर कधीच धुऊन पालथे घातलेले. मग घसा खाकरून एक म्हातारी बाई विचारायची, "वास इस्ट दास?" हे काय आहे?

आणि एक तरुण चाचरत उत्तर द्यायचा, "डेर... नाही, दी ऑयले!" घुबड. मग ते "हं".

"रिश्टिश," म्हातारी म्हणायची. बरोबर.

दोघेही त्या एकाच चोचीतून. रात्रीपुरत्या ठेवलेल्या जनावरांच्या खोलीत त्या वेळी चिडीचूप व्हायचं. एरवी पावसाच्या थेंबावरही भुंकणारा आजारी कुत्रा कान पाडून पिंजऱ्याकडे पाहत राहायचा. घुबडानंतर साप, सापानंतर कोळी, मग कासव, बेडूक, गोगलगाय आणि वटवाघूळ. क्रम ठरलेला. डॉक्टरीणबाईंनी त्याचं नाव मास्तर ठेवलं आणि हिला म्हणाल्या, "खारूताई, तुझी फुकटात शिकवणी चालू झाली बघ." हिच्या एप्रनच्या खिशात सदा सूर्यफुलाच्या बिया असायच्या, म्हणून ही खारूताई.

आणि खारूताई खरंच शिकली. आधी भीतीने, मग गंमत म्हणून, आणि मग... मग त्या तरुणाबरोबर उत्तर द्यायला मिळावं म्हणून. साप आला की तो "श्लांगे" म्हणायचा, तीही म्हणायची. तो चुकायचा तिथे ती मुद्दाम चुकायची. ज्याचा चेहरा माहीत नाही, वय माहीत नाही, अशा माणसाच्या चाचरण्यावर कुणाचा जीव जडतो का? हिचा जडला होता. आपल्याच वेडेपणावर ती हसायची आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळ व्हायची वाट पाहायची.

पण धड्याचा शेवट वाईट होता. वटवाघूळ झालं की म्हातारी जरा थांबायची. मग अगदी वेगळ्या, मऊ आवाजात विचारायची, "उंड दास?" आणि हे?

उत्तरच यायचं नाही. तरुण गप्प. मास्तर मान वाकडी करून समोरच्या हवेत पाहत राहायचा, जणू तिथे कुणीतरी काहीतरी धरून उभं आहे. हिने जर्मन नावांचं चित्रांचं पुस्तक आणून शक्य ती सगळी जनावरं म्हणून पाहिली. लांडगा? "नाइन." नाही. पाणघोडा? "नाइन." एकदा चिडून गाढवसुद्धा म्हणून पाहिलं. "नाइन," म्हातारी शांतपणे म्हणाली.

आणि धडा संपल्याशिवाय मास्तर खात नव्हता. त्या घरातली शिस्तच तशी असावी. वाटीतल्या बियांकडे तो बघायचाही नाही. सकाळी भूक अगदीच अनावर झाली तर दोन-चार दाणे टिपायचा, तेवढंच. छातीचं हाड वर यायला लागलं होतं.

"म्हणून म्हणते," ती चष्मेवाल्याला म्हणाली, "एकदा या. शेवटचं उत्तर काय ते सांगा. नाहीतर तो मरेल."

तो बराच वेळ हातातली काच पुसत राहिला. पुसलेलीच परत पुसली.

"ती माझी मावशी," तो म्हणाला. "मी तिच्याकडे राहून जर्मन शिकत होतो. पुढचं शिकायला तिकडे जायचं होतं मला. जनावरांची नावं आली की भाषा माणसाला चावत नाही, असं तिचं म्हणणं. म्हणून नुसती जनावरं, रोज जनावरं... आणि परीक्षेत एकही जनावर आलं नाही."

तिला हसू आलं. तिने ते दाबलं, पण त्याने पाहिलं.

"हसा. मी नापास झालो, त्या संध्याकाळीसुद्धा तिने धडा घेतला. मी पाय आपटत घराबाहेर पडलो. काही वर्षांनी परत गेलो तेव्हा ती गेलेली, दाराला कुलूप होतं. आता इथे दुकान टाकलंय, पण तिच्या गल्लीत पाऊल टाकवत नाही. आणि तुम्ही म्हणता, तिचा आवाज ऐकायला या."

"आवाज तिचा, पण बोलतो पोपट. पोपटाला कसलं घाबरायचं?"

"पोपटाला कोण घाबरतंय?" तो म्हणाला. "चष्मा तयार झाला की निरोप देतो."

म्हणजे नाहीच. ती भिजत परत आली.

त्यानंतर मास्तरने धडाच बंद केला. खुर्ची कुरकुरली नाही, चमचा फिरला नाही. दांडीवरून उतरून तो पिंजऱ्याच्या तळाशी बसला, पिसं फुगवून, डोळे अर्धवट मिटून. दवाखान्यात इतके दिवस जी शांतता हवी होती ती मिळाली, आणि कुणालाच ती सोसवेना. डॉक्टरीणबाईंनी नळीने भरवायला घेतलं.

"किती दिवस असं भरवायचं?" हिने विचारलं.

"खारूताई, मी पोटात ढकलू शकते. खावंसं वाटणं कुठून ढकलू?" बाई म्हणाल्या आणि हात धुवायला आत गेल्या. नळ बराच वेळ वाहत होता.

संध्याकाळी एकटी असताना ती पिंजऱ्याशी बसली. मास्तरला नव्हे, त्याच्या आतल्या त्या दुसऱ्याला ती म्हणाली, "कुठे असतोस रे तू? ये ना एकदा." हे ती पहिल्यांदाच म्हणत नव्हती. रोज धडा संपला की म्हणायची. आधी नुसतं वेडेपणाने, आणि आता... आता तर तो कुठे असतो ते ठाऊक होतं, तरी तेच.

चष्मा तयार झाल्याचा निरोप आला. ती गेली. त्याने स्वतःच्या हाताने चष्मा तिच्या नाकावर ठेवला, कानामागच्या काड्या सारख्या केल्या. त्याची बोटं गार होती.

"टोचतंय का कुठे?"

"नाही."

"आता नीट दिसतंय?"

"हो," ती म्हणाली. "घाबरलेला माणूस दिसतोय."

"अजून काय दिसतंय?"

"दाढी करताना हनुवटीखाली थोडी राहून गेलीय."

"इतका नंबर नव्हता दिला मी तुम्हाला!" तो म्हणाला, आणि "हं" आलंच. पण लगेच त्याचा चेहरा उतरला. "कसा आहे तो?"

"तळाशी बसलाय. बोलत नाही."

त्याने दुकानातले दिवे एकेक करून मालवले, छत्री उचलली आणि शटर ओढलं. वाटेत दोघं एकाच छत्रीत होते आणि दोघंही अर्धे भिजत होते, कारण मधे बोटभर जागा सोडायची दोघांनाही फार काळजी. तो मधेच म्हणाला, "तुम्ही फ्लेडरमाउस अगदी माझ्यासारखं म्हणता."

"तुमच्याकडूनच शिकले ना. तुमच्या चुकांसकट."

"आणखी काय येतं?"

"पुस्तकातली खार सोडून सगळं. तो शब्द जिभेला गाठ मारतो."

"दास आइशह्योर्नशेन."

"तेच ते. आणि मला दवाखान्यात सगळे खारूताई म्हणतात, खिशात सदा बिया घेऊन फिरते म्हणून."

"खारूताई?" तो थांबला. छत्री पुढे गेली नाही म्हणून तिलाही थांबावं लागलं. "मग तो शब्द यायलाच हवा तुम्हाला. स्वतःचं नाव आहे ते." तो हे इतक्या हळू म्हणाला की छत्रीवरचा पाऊस त्यापुढे मोठा वाटला.

दवाखाना रिकामा झाला होता. डॉक्टरीणबाई निघताना किल्ली हिच्याकडे देऊन गेल्या होत्या. कोपऱ्यातला दिवा तिने लावला. तो पिंजऱ्यापासून दूरच उभा राहिला, ओली छत्री हातात तशीच.

मास्तरने डोळा उघडला. एकच. पिवळा, गोल. त्या डोळ्याने त्याला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. आजारी कुत्रा उठून उभा राहिला आणि परत बसला. मग मास्तरने चोच उघडली आणि स्वच्छ, कोवळ्या, तिसऱ्याच आवाजात म्हणाला, "कुठे असतोस रे तू? ये ना एकदा."

तिचाच आवाज!

धरणी दुभंगून पोटात घेत नाही म्हणजे काय, ते खारूताईला त्या क्षणी कळलं. कानाच्या पाळ्यांपर्यंत ती लाल झाली. नवा चष्मा काढून तो पुसायला लागली.

"हा... हा आवाज कुणाचा?" त्याने विचारलं. त्याला चांगलं कळलेलं होतं.

"पोपट आहे तो," ती म्हणाली. "काहीही बोलतो."

"पोपट काहीही नाही बोलत. ऐकलेलंच बोलतो."

तिने चष्मा परत नाकावर चढवला, आणि तेवढ्यात वेताची खुर्ची कुरकुरली.

त्याच्या हातातली छत्री गळून पडली. चमचा कपात फिरला, दोनदा काठावर आपटला. "साखर ढवळल्यावर ती अस्साच..." तो पुटपुटला आणि थांबला. घसा खाकरला गेला.

"वास इस्ट दास?"

पिंजऱ्यातला तरुण चाचरला, "डेर... नाही..." आणि पिंजऱ्याबाहेरचा तरुणही चाचरला. दोघं एकदम म्हणाले, "दी ऑयले!" एक आवाज काही वर्षांनी लहान, एक मोठा. लहानगा हसला. मोठ्याला हसता येईना, त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. साप झाला, कोळी झाला, कासव झालं. प्रत्येक जनावरागणिक तो एक पाऊल पुढे येत होता, आणि वटवाघळाला पोचेपर्यंत त्याची बोटं पिंजऱ्याच्या तारांवर होती.

म्हातारी थांबली. बाहेरचा पाऊसही थांबल्यासारखा वाटला.

"उंड दास?"

मास्तर समोरच्या हवेत पाहत राहिला.

"सांगा ना," ती कुजबुजली. "कुठलं जनावर आहे?"

"जनावर नाहीच ते." त्याने मागे वळून पाहिलं. "इथला आरसा कुठे आहे? पिंजऱ्याला एक छोटा आरसा असायचा."

आरसा आला होता पिंजऱ्याबरोबर. पण पिसं उपटणाऱ्या पक्ष्यापुढे आरसा ठेवू नये, त्यात दुसरा पक्षी पाहून तो जास्तच बिथरतो, म्हणून पहिल्याच दिवशी तो काढला होता. तिनेच काढला होता. पट्टीच्या कापडात गुंडाळून, जपून, खणात ठेवला होता. मास्तर रोज हवेत जे शोधत होता ते तिने स्वतःच्या हाताने, मायेने, बंद करून ठेवलं होतं.

तिने खण उघडला. आरसा तळहाताएवढा, कडेला थोडा पारा गेलेला.

"सगळी जनावरं संपली की ती हा माझ्यापुढे धरायची," तो म्हणाला. "मग मास्तरपुढे, मग त्याला दाणे. मास्तरचं ठीक होतं, त्याला आरशातला पक्षी पुरायचा. पण मला काही उत्तर यायचं नाही. आरशात मी एकटाच असायचो, काय म्हणणार? मी तोंड वेंगाडायचो, ती हसायची. म्हणायची, येईल, एक दिवस तुझं तुलाच येईल. नापास झालो त्या दिवशी तिने आरसा धरला, आणि मला वाटलं, ती माझी लायकी दाखवतेय." त्याने मान खाली घातली. "ती फक्त रोजच्यासारखा धडा पुरा करत होती. तेवढंच. आणि आरसा हातात तसाच धरलेल्या तिला मी सोडून गेलो."

"मग आता बघा."

"नाही बघवत."

"मी धरते," ती म्हणाली.

त्यालाही वळवून ती पिंजऱ्याकडे पाठ करून त्याच्या शेजारी उभी राहिली आणि हात लांब करून आरसा दोघांपुढे धरला. आरसा एवढासा. त्यात त्याचा चेहरा मावायचा तर तिला अगदी जवळ सरकावं लागत होतं, आणि ती सरकली. गालाला ओला खांदा लागला. मघाची बोटभर जागा कुठे गेली ते दोघांनाही कळलं नाही. पारा गेलेल्या काचेत दोन चेहरे दिसत होते, एक रडवेला, एक नव्या चष्म्यातला. मागे पिंजरा होता, आणि पिंजऱ्यातून तो पिवळा डोळा पाहत होता.

"उंड दास?" म्हातारीने पुन्हा विचारलं.

"दास..." तो चाचरला. या वेळी "नाही" आलं नाही. "दास झिंड... वीर."

"म्हणजे?" तिने आरशातल्याच त्याला विचारलं.

"म्हणजे, हे आपण आहोत."

आरसा तिने खाली केला नाही. "आपण" हा शब्द इतका साधा, रोज दहादा वापरायचा. तो कुणी आपल्याला असा देऊ शकतो हे तिला माहीत नव्हतं. ती वाट पाहत होती. "रिश्टिश" येईल नाहीतर "नाइन". मास्तरने मान एकीकडे केली, मग दुसरीकडे. तळातून उठून, अशक्त पायांनी तारा धरत धरत तो दांडीवर चढला.

"ना, एंडलिश!" म्हातारी म्हणाली.

तो एकदम पांढरा पडला.

"काय म्हणाली? काय झालं?"

"म्हणाली... 'आलास एकदाचा!'" त्याने तिचा हात घट्ट धरला. "हे ती मला कधीच म्हणाली नव्हती. कधीच."

"मग याने कुठे ऐकलं?"

दोघांनाही उत्तर एकदमच सुचलं. रिकामं घर, संध्याकाळ, आणि म्हातारी बाई पोपटापुढे बसून भाच्याचा धडा घेतेय. तो परत येईल तेव्हा त्याला काय म्हणायचं, ते रोज म्हणून बघतेय. तो आता मोकळेपणी रडला. तिने आरसा बाजूला ठेवून त्याला रडू दिलं, आणि जरा वेळाने म्हणाली, "अहो, तो वाट बघतोय. दाणे द्या त्याला."

"तूच दे. खिशात घेऊन फिरतेस म्हणालीस ना... आइशह्योर्नशेन."

अहोजाहो कुठल्या वळणावर गळून पडलं ते तिने विचारलं नाही. तिने आरसा तारांवर, त्याच्या जुन्या जागी अडकवला. मास्तरने त्यात स्वतःला पाहिलं आणि ओळखीचं माणूस भेटावं तशी मान हलवली. तिने बियांची मूठ वाटीत रिकामी केली. मास्तरने आधी एक बी उचलली, फोडली, गिळली. मग दुसरी. मग अधाशासारखा चोच भरभरून खायला लागला.

"कुठे असतोस रे तू," तो तिच्या कानाशी म्हणाला, तिचीच नक्कल करत. "ये ना एकदा."

"पुरे हं."

"मी नाही, पोपट म्हणाला होता. आणि पोपट ऐकलेलंच..."

तो मधेच थांबला. मागे, खोलीच्या दुसऱ्या टोकाला, वेताची खुर्ची कुरकुरली. दिवसभराचं काम उरकून कुणीतरी निवांत मागे टेकावं तशी, एकदाच. मग कपात चमचा फिरला.

दोघांनी पिंजऱ्याकडे पाहिलं. मास्तरची चोच बियांनी भरलेली होती.

तिने त्याचा हात धरला. त्यानेही मागे वळून पाहिलं नाही. समोरच्या छोट्या आरशात आता मास्तर होता, ते दोघं होते, आणि पारा गेलेल्या कडेला, जिथे नीट काहीच दिसत नाही, तिथेही कुणासाठी तरी थोडी जागा होती.

"दां... दांके, मावशी," तो हळूच म्हणाला, आभार मानावेत तसं. आणि खारूताईने तेच, त्याच्याच चाचरण्यासकट, त्याच्यामागून म्हटलं.